अर्ध्या मिलीमीटरचा खेळ

माझ्या छऱ्याच्या बंदुकीत आधी आवाज सुटतो आणि मग छरा, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. चाप ओढला की ‘ठप्’ असा बसका आवाज व्हायचा आणि त्याच्या पाठोपाठ ‘टण्ण्ण्’ अशी झणझण दस्त्यातून थेट गालफडात शिरायची. जुन्या लोखंडी खाटेवर कुणी वजनदार माणूस धपकन बसला की खाट जशी बोलते, तशी. ती झणझण विरेपर्यंत २५ मीटरवरच्या कागदाला भोक पडून गेलेलं असायचं. ते कुठे पडलं हे दुर्बिणीतून बघायचं, नळी बिजागरीशी खाली मोडायची, पुढचा छरा घालायचा. काही माणसं मोठ्यानेच बोलतात, तशी ही बंदूक बोलते, एवढीच माझी समजूत होती.

ती समजूत काकांनी मोडली. शेजारचे काका आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले. त्या आवाजाने त्यांचे कान गेलेत, म्हणून ते यंत्राला हात लावून ऐकतात. मिक्सर असो की पंखा, आधी तळवा टेकवतात आणि मग बोलतात. एकदा मी सराव करत असताना ते मागून आले, म्हणाले, “मार बघू एक,” आणि माझ्या बाजूला उभं राहून दस्त्यावर हात ठेवला. मी मारला.

“ढिलं आहे आत काहीतरी.”

“काका, स्प्रिंगची रायफल आहे. वाजणारच ती.”

“वाजू दे की. वाजण्याला माझं काही म्हणणं नाही. ही खुळखुळतेय.”

वाजणं आणि खुळखुळणं यांत फरक असतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. एकदा कळलं म्हटल्यावर ते ऐकू न येणं शक्य नव्हतं. पुढचे कित्येक दिवस प्रत्येक छऱ्यागणिक मला तो खुळखुळाच ऐकू यायला लागला. शेवटी मी आतले भाग बदलायचं किट मागवलं.

ही बंदूक ज्यांनी उघडून बघितलेली नाही त्यांना वाटतं, आत हवेची टाकी असणार. टाकीच्या बंदुकाही असतात, आणि त्या काही आजकालच्या नाहीत. १७८० च्या सुमाराला ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरार्डोनीची हवेवरची रायफल वापरात घेतली होती. तिचा दस्ता हीच हवेची टाकी, आणि तो एकदा भरायचा म्हणजे हातपंपाचे दीडेक हजार दट्टे. सैनिकाचे दंड तिथेच भरून येत असणार. स्प्रिंगच्या रायफलीत हवा भरून ठेवलेली नसतेच. तिच्यात भरून ठेवलेली असते ती आपल्या हाताची ताकद, तीही एका छऱ्यापुरती. नळी खाली मोडताना आपण जो जोर लावतो त्याने आतली स्प्रिंग दबते, पिस्टन मागे सरकून खटक्यात अडकतो. चाप ओढला की खटका सोडतो, स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते, आणि पिस्टनच्या पुढ्यातली साधी हवा, आपण श्वासात घेतो तीच, डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी आवळली जाते, तापते, आणि जेमतेम तीन मिलीमीटरच्या भोकातून छऱ्याच्या पाठीवर येऊन आदळते.

इथपर्यंत सगळं छान आहे. भानगड अशी की पाव किलोचा पिस्टन पुढे धावला की उरलेली बंदूक मागे जाते. मग समोर हवेची गादी तयार होते, पिस्टन तिच्यावर आपटून किंचित उलटा फिरतो, पुन्हा पुढे जाऊन बसतो, आणि आता बंदूक पुढे झटका खाते. मागे आणि पुढे असे दोन धक्के, आणि यातला निदान पहिला तरी छरा नळीतून बाहेर पडायच्या आत सुरू झालेला असतो. म्हणजे आपण नेम धरतो एका बंदुकीने आणि छरा सुटतो तो जागेवरून हललेल्या बंदुकीतून. म्हणूनच दारूच्या काडतुसांच्या मोठ्या रायफलींवर वर्षानुवर्षं टिकणाऱ्या दुर्बिणी या चिमुकल्या बंदुकीवर महिनाभरात भिंगं सैल करून बसतात. त्या मागच्या धक्क्यासाठी बनवलेल्या असतात, पुढचा धक्का त्यांच्या गावीही नसतो.

म्हणूनच ही बंदूक आवळून धरली की नेम बिघडतो. नव्या माणसाला हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. पुढचा हात उघडा ठेवायचा, त्याच्या तळव्यावर बंदूक नुसती टेकवायची, खांद्यालाही अलगद लावायची, आणि तिला जसं उडायचं तसं उडू द्यायचं. याला आर्टिलरी होल्ड म्हणतात. तोफेला जशी मागे सरकायला मोकळीक देतात तशीच ही. दर खेपेला ती सारखीच उडाली पाहिजे, एवढीच अपेक्षा. जर्मन कारागिरांनी हाच प्रश्न यंत्रातून सोडवून बघितला होता. फाइनवेर्कबाउच्या स्पर्धेच्या जुन्या रायफलीत नळीसकट सगळं यंत्र दस्त्यावरच्या रुळांवरून मागे घसरायचं, त्यामुळे खांद्याला काही पोचतच नसे. डायनाच्या काही बंदुकांत तर गिस पद्धतीचे दोन पिस्टन होते. एक पुढे धावला की दुसरा मागे, दोघांचे धक्के एकमेकांत जिरायचे. डोकं चालवलं म्हणायचं ते याला. १९८४ साली एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली आणि पुढे तिथे दाबलेल्या हवेच्या, जवळजवळ न हलणाऱ्या रायफलींचंच राज्य झालं. १० मीटरवरच्या त्या कागदावर मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा असतो. आम्हा स्प्रिंगवाल्यांना तो दिसला तरी पुरे.

मी मागवलेलं किट हातात आलं तेव्हा एवढ्याशा खोक्याला किट म्हणतात याचंच नवल वाटलं. एक स्प्रिंग. स्प्रिंगच्या पोटात मागून जाणारी चिवट पांढऱ्या प्लास्टिकची दांडी, तिला गाईड म्हणतात. स्प्रिंगच्या दुसऱ्या टोकाला, पिस्टनच्या आत बसणारी टोपी, हिचं नावच टॉप हॅट. दोन गुळगुळीत पातळ वॉशर. पिस्टनच्या तोंडावर बसवायचं निळं सील. आणि दोन चिमुकल्या डब्या, एकीत मॉलिब्डेनमचं काळं वंगण, दुसरीत मधासारखं तार धरणारं चिकट ग्रीस.

अशी किटं बहुतेक जण बंदुकीची ताकद वाढवायला घेतात. माझ्या मते ते पैसे चुकीच्या कारणासाठी जातात. एक तर ताकद ही मुळात कायद्याची बाब आहे. इंग्लंड-वेल्समध्ये बिनपरवाना रायफलीला १२ फूट-पाउंडांची, म्हणजे साधारण १६.३ ज्यूलची मर्यादा, जर्मनीत ७.५ ज्यूलची. एकच मॉडेल एका देशात एका स्प्रिंगचं आणि दुसऱ्या देशात दुसऱ्या स्प्रिंगचं विकलं जातं, किटंही तशीच वेगवेगळी येतात. आपण जिथे असू तिथली मर्यादा आधी बघावी, मगच किट निवडावं, आणि बसवून झाल्यावर वेग मोजल्याशिवाय थांबू नये. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, जास्त ताकदीची स्प्रिंग म्हणजे जास्त जोराचे धक्के. जे दुखणं घालवायला निघालो तेच वाढवून घ्यायचं.

आणि हो, किटच्या आधी दस्त्याचे स्क्रू बघा. हे मी स्वतःच्या लाजेखातर सांगतोय. या बंदुका थरथरून थरथरून आपलेच स्क्रू सैल करतात. मागे एकदा दोन महिने मी दुर्बिणीला शिव्या घालत होतो आणि पुढचा एक स्क्रू चक्क अर्धा आटा बाहेर होता.

आता उघडण्याची गोष्ट. नळीत छरा नाही, स्प्रिंग ताणलेली नाही, हे दोनदा तपासून घ्यायचं, तिसऱ्यांदा तपासलं तरी कुणी हसत नाही. दस्ता काढला. पोगर लावून चापाच्या यंत्रणेच्या दोन पिना सरकवल्या, यंत्रणा अलगद हातात आली. उरलं ते मागचं बूच. आणि इथे माझ्या तळहातांना घाम फुटला. बंदूक मोकळी असली तरी आतली स्प्रिंग मोकळी नसते. मुळातच तिला दाबून आत कोंबलेलं असतं. माझ्या बंदुकीत हे कोंबणं चारेक सेंटिमीटरचं होतं. बूच हाताने फिरवत बसलं आणि शेवटचा आटा सुटला की बूच, गाईड आणि स्प्रिंग अशी सगळी वरात समोरच्याच्या तोंडावर जाते. यासाठी सुताराचा लांब शिकंजा वापरतात. एक टोक नळीकडे, दुसरं बुचाकडे, मध्ये लाकडाचा ठोकळा. शिकंजा आवळून स्प्रिंगचा भार त्याच्यावर घ्यायचा, आटे फिरवून बूच सोडवायचं, आणि मग शिकंजा थोडा थोडा सैल करत न्यायचा. काका ठोकळ्याला हात लावून उभे होते. प्रत्येक फेऱ्यागणिक “हं” म्हणायचे. एकदा “हं” आलं नाही, तर मी थांबलो. “शिंक आली होती,” म्हणाले.

बूच बाहेर आलं आणि त्याच्यामागून स्प्रिंग एखाद्या आळसावलेल्या जनावरासारखी हळूहळू बाहेर आली. काळीकुट्ट. वर्षानुवर्षांचं तेल, ग्रीस आणि लोखंडाचा बारीक कीस यांचा लगदा झालेला. ती पुसून काचेवर ठेवून घरंगळवली तर सरळ जाईना, मधेच उडी मारायची. वाकली होती. पण काकांचं लक्ष स्प्रिंगकडे नव्हतंच. त्यांनी लोखंडी गाईड उचलला, खिडकीशी नेला, फिरवून फिरवून बघितला आणि मला दाखवला. एका बाजूने तो आरशासारखा चकचकीत झालेला, दुसऱ्या बाजूने मूळचा काळसर रंग तसाच. म्हणजे स्प्रिंग त्याला एकाच अंगाने घासत होती. व्हर्नियर लावला. स्प्रिंगचा आतला व्यास २०.१ मिलीमीटर, गाईडचा बाहेरचा १९.६.

“अर्धा मिलीमीटर प्ले,” काका म्हणाले. “एवढ्या जागेत ती नाचते बघ.”

प्ले हा सगळ्या फिटर लोकांचा शब्द. बेअरिंगला प्ले, चाकाला प्ले, स्टिअरिंगला प्ले. जुन्या लोकांकडून मी त्याला ‘खेळ’ असंही ऐकलंय, आणि मला तो शब्द जास्त आवडतो. दोन भाग एकमेकांत नीट न बसता मध्ये राहिलेली रिकामी जागा, आणि त्या जागेत चाललेली त्यांची मस्ती, दोन्ही त्यात येतं. थोडा खेळ हवाच असतो, नाहीतर काहीच हलणार नाही. प्रश्न असतो तो किती आणि कुठे याचा. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात तेव्हा तरी दुसरं काय करतात? तार आणि हाड यांच्यामधल्या केसभर जागेचा हिशेब. तिथे झंकार हवा असतो म्हणून जागा जपायची, इथे नको म्हणून मारायची.

स्प्रिंगची आणखी एक खोड मला त्या दिवशी कळली. दाबली की ती नुसती आखूड होत नाही, तिची वेटोळी किंचित रुंदावतात आणि तिची टोकं थोडी फिरतातही. म्हणजे बंदूक ताणून ठेवली की गाईडभोवतीची जागा आणखी वाढते, आणि सुटताना स्प्रिंग आखडत, पीळ सोडत, वाटेत भेटेल त्याला थडकत जाते. नवा प्लास्टिकचा गाईड म्हणूनच मुद्दाम घट्ट ठेवलेला असतो. तो स्प्रिंगमध्ये सरळ ढकलून जात नाही, स्क्रूसारखा फिरवत फिरवत घालावा लागतो. टोकांना ते दोन गुळगुळीत वॉशर का दिलेत तेही उलगडलं. फिरणाऱ्या टोकाला घसरायला काहीतरी हवं, नाहीतर तो पीळ सगळ्या बंदुकीला मिळतो.

लगेच सगळं बसवून टाकावं असा मोह होता. काकांनी सिलिंडरमध्ये बोट घातलं आणि बाहेर काढून मला दाखवलं. बोटाला बारीक ओरखडा. नळी मोडल्यावर जो दांडा पिस्टनला मागे ढकलतो त्याच्यासाठी सिलिंडरला खालून लांब खाच असते, चापाच्या यंत्रणेसाठी आणखी काही भोकं. कारखान्यात ती कापतात आणि कडा तशाच राहतात, सुरीसारख्या. नवं सील याच कडांवरून आत जायचं असतं. मग दोन संध्याकाळी मी नुसत्या कडा मारत बसलो. आधी बारीक कानस, मग बोटाला गुंडाळलेला एमरी पेपर, मग त्याहून बारीक. बाहेरून बघणाऱ्याला यात काहीच घडताना दिसत नाही. बायको दोनदा डोकावून गेली, दुसऱ्यांदा विचारलं, “अजून तेच?” हो, अजून तेच. पण या कामात एक गंमत आहे. बोटाचं टोक हळूहळू शहाणं होतं. पहिल्या संध्याकाळी जी कड मला गुळगुळीत वाटली होती तीच दुसऱ्या संध्याकाळी करवतीसारखी लागली. कड तीच होती. काकांचा हात एवढा कसा ऐकतो याचा थोडासा अंदाज मला तिथे आला.

एवढं करूनही मी घोळ घातलाच. कडा मारल्या त्या खाचेच्या. मागच्या बाजूचं एक छोटं आयताकृती भोक राहून गेलं. पिस्टन आत सरकवताना कुठेतरी किंचित अडल्यासारखं झालं आणि मी, अर्थातच, जोर लावला. बाहेर काढून बघतो तर निळ्या सीलच्या ओठावर नखाएवढी चीर. किटमध्ये सील एकच. दुसरं मागवलं आणि तीन आठवडे वाट बघायची वेळ आली.

काका म्हणाले, “जुनंच बसव की तोवर.” मी नाखुशीनेच बसवलं. आज वाटतं, ते सील फाटलं नसतं तर मला या बंदुकीतलं काहीच कळलं नसतं. सगळं एकदम बदललं असतं आणि सुधारणा झाली ती नव्या स्प्रिंगमुळे, सीलमुळे की ग्रीसमुळे, हे सांगायला काही मार्गच उरला नसता. कारखान्यात एका वेळी एकच गोष्ट बदलतात, असं काका नेहमी सांगायचे. घरी कोण एवढं पाळतं? माझ्याकडून ते चुकून पाळलं गेलं.

किट उघडायच्या आधी मी एका मित्राचा क्रोनोग्राफ आणून वेग मोजून ठेवला होता. ०.५४७ ग्रॅमचा, म्हणजे ८.४४ ग्रेनचा छरा, दहा वेळा. सगळ्यात कमी सेकंदाला २१९ मीटर, सगळ्यात जास्त २३७, सरासरी २२९. आता स्प्रिंग नवी, गाईड नवा, टोपी नवी, सील मात्र जुनं, अशा अवस्थेत पुन्हा दहा मारले. सरासरी परत २२९. मी यंत्र बंद करून चालू केलं. २२९च. कमीजास्त थोडं आकसलं होतं, २२४ ते २३५, पण ताकदीत रेघभर फरक नाही. आणि तरीही ती बंदूक माझी वाटेना, कारण ती झणझण साफ गेली होती. ‘ठप्’, आणि मग काहीच नाही. मी दुसरा छरा घातला तो फक्त ते काहीच नसणं पुन्हा ऐकायला.

नवं सील आलं तेव्हा ते भोक मी आधी घासलं. मग सीलच्या कडेला मॉलीचा, म्हणजे त्या काळ्या वंगणाचा, अगदी पुसट हात, स्प्रिंगला चिकट ग्रीसचा पातळ थर, आणि सीलच्या पुढे काहीही नाही, हे स्वतःला बजावत बजावत बसवलं. जुन्या बंदुकांत सीलच्या जागी चामड्याचं वॉशर असायचं आणि त्याला अधूनमधून तेल पाजावं लागे. त्या काळची सवय लोकांच्या हातातून गेलेली नाही, अजूनही भोकात तेलाचे थेंब सोडतात. आता तसं केलं की पिस्टन हवा आवळतो, ती तापते आणि ते तेल पेट घेतं, डिझेल इंजिनात घेतं तसंच. म्हणून त्याला डिझेलिंगच म्हणतात. इतकं सगळं माहीत असून माझा पहिला छरा क्रोनोग्राफवर २६८ ने गेला. नळीच्या तोंडातून धुराची बारीक शेंडी आली, जळक्या ग्रीसचा वास सुटला. क्षणभर मी भलताच खूश झालो होतो हे कबूल करतो. मग तिसाव्या-चाळिसाव्या छऱ्यापर्यंत आकडा उतरत उतरत जागेवर आला. दहा छरे, २३४ ते २३९, सरासरी २३६. छऱ्याच्या वजनाशी हिशेब मांडला तर साधारण १५.२ ज्यूल. आधी १४.३ होते. एवढ्या खटाटोपात ताकद वाढली ती सीलमुळे, तीही जेमतेम. बाकी सगळा चमत्कार त्या अर्ध्या मिलीमीटरचा.

२५ मीटरवर पाच छऱ्यांचा झुबका पूर्वी तीन सेंटिमीटरच्या आसपास पडायचा, आता दोनाच्या आत-बाहेर पडतो. हे मोजमाप आहे आणि ते चांगलं आहे. पण मला ज्याची अजिबात कल्पना नव्हती ती गोष्ट वेगळीच निघाली. सील बसवल्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, भोवताल शांत असताना, मी एक छरा मारला आणि ‘ठप्’नंतर अगदी थोड्या वेळाने समोरून काहीतरी ऐकू आलं. ‘टप्’. मला वाटलं, पानावर काहीतरी पडलं. पुन्हा मारला. ‘ठप्’... ‘टप्’. तो माझाच छरा कागदामागच्या फळीवर बसत होता. हिशेब अगदी साधा आहे. २५ मीटर जायला छऱ्याला सेकंदाचा साधारण नववा भाग लागतो, तिथला आवाज परत यायला आणखी सातेक शतांश. म्हणजे चाप ओढल्यावर सुमारे पंचमांश सेकंदाने ती बातमी माझ्यापर्यंत येते. तेवढा वेळ ती स्प्रिंग टणटणत असायची. इतक्या वर्षांत हजारो छरे मारले असतील, त्यातला एकही लागल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून मी चाप ओढल्यावर डोकं उचलायचं विसरतो. पूर्वी लगेच मान वर करून दुर्बिणीशी झटापट सुरू व्हायची. आता गाल दस्त्यावर तसाच ठेवून वाट बघतो, तो आवाज येईपर्यंत. नेमबाजी शिकवणारे फॉलो-थ्रू म्हणून ज्याच्यासाठी घसा कोरडा करतात ते हेच असावं. मला कुणी सांगून ते कधी जमलं नव्हतं.

सगळ्यांनी अशी बंदूक उघडावी असं मात्र मी म्हणणार नाही. शिकंजा नसेल, हाताशी कुणी जाणतं नसेल, तर जाणत्याकडूनच करून घ्यावं. आणि यंत्र जुळवून झालं की पहिले काही दिवस नळी मोडल्यावर ती हाताने घट्ट धरूनच छरा घालावा. खटका नीट बसला नसेल आणि तो सुटला, तर नळी फाटकन वर येते आणि मध्ये सापडलेल्या बोटांचं काही खरं नसतं. रिकामी तर कधीच उडवू नये. समोर छरा नसला की हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन थेट जाऊन टोकावर आपटतो. दोन संध्याकाळी कडा घासलेल्या माणसाला तो आपटण्याचा आवाज सहन होत नाही.

काकांना दाखवायला मी त्यांना बोलावलं. ते आले, जुनी स्प्रिंग उचलून टेबलावर दोनदा घरंगळवली, ती दोन्ही वेळा उडाली, मग दस्त्यावर तळवा ठेवून उभे राहिले. मी मारला. ते तसेच उभे.

“मार की.”

“मारला, काका.”

त्यांनी हात उचलून स्वतःच्या तळव्याकडे बघितलं. मग पुन्हा ठेवला. मी पुन्हा मारला. या खेपेला त्यांनी मान हलवली, डोळे बारीक केले, आणि काही न बोलता कागदाकडे चालू लागले. मी बंदूक मोकळी करून, नळी मोडूनच खाली ठेवली आणि त्यांच्या मागून गेलो. ‘टप्’ ऐकू येतं ते त्यांना सांगायचं माझ्या ओठावर होतं, पण कागदापाशी पोचेपर्यंत मी ते गिळलं.

दोन्ही छरे ठिपक्याच्या डावीकडे बसले होते, एकाला एक लागून.

“मग हे डावीकडे कसं काय?” त्यांनी विचारलं.

पूर्वी या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असायचं. मी नवा कागद लावला आणि परत चालत येऊन छऱ्यांची डबी उघडली.